गोल्पच्या वावरातलं खळं

मी शाळेत गेलोच नाही असं नाही. एकदा गेलो होतो, छपराची कौलं बदलायला. वरून फळा दिसत होता, त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. काय होतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. एवढं माझं शिक्षण. म्हणून गिरणेच्या काठावरच्या सरकारी कॉलनीत मला गोल्पच्या मैदानावर माळी म्हणून घेतलं, तेव्हा गोल्प म्हणजे काय हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

कॉलनी कालव्याच्या कामासाठी वसवलेली. तेव्हा लांबून लांबून साहेब लोक यायचे, त्यांच्या करमणुकीसाठी नदीकडच्या माळावर नऊ भोकांचं मैदान केलेलं. सरकारचंच ते. आमच्या गावातली माणसं त्याला गोल्पचं वावर म्हणतात. पेरणी नाही, कापणी नाही, तरी बारा महिने राखण. आमच्या वडलांना हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही.

पहिल्या दिवशी मी पाहिलं, माळावर नऊ ठिकाणी काठ्या रोवलेल्या, काठीला फडकं. आपल्याकडे निशाण दिसलं की हात जोडायचे. मी नऊच्या नऊ ठिकाणी पायातली चप्पल काढून हात जोडले. मनात म्हटलं, एका माळावर नऊ देव, जागा भलतीच कडक दिसते. मग खाली पाहिलं तर प्रत्येक काठीच्या बुडाशी एक भोक. आता मला राग आला. देवाच्या पायाशी कोणी असं उकरून ठेवतं का? आणि एखाद्या वासराचा पाय गेला म्हणजे? संध्याकाळपर्यंत मी नऊही भोकं चांगल्या मातीनं बुजवली, वर पाणी मारलं, टाचेनं दाबलं आणि घरी येऊन पोटभर जेवलो. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

सकाळी एक म्हातारे गृहस्थ खांद्याला काठ्यांची पिशवी लावून आले. कॉलनीतलेच जुने इंजिनियर, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेले. सगळे त्यांना नाना म्हणायचे. ते पहिल्या निशाणापाशी बराच वेळ उभे राहिले. मग दुसऱ्यापाशी गेले. मग मला हाक मारली.

"भाऊ, इथं भोक होतं."

"बुजवलं नाना."

"आणि त्या तिकडचं?"

"बठ्ठे बुजवले. एकही सोडलं नाही."

नाना तिथंच गवतावर बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. जवळ गेलो तर ते हसत होते, डोळ्याला पाणी. ऑफिसात जाऊन त्यांनी माझं नाव सांगितलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती. त्यांनी सांगितलं नाही. चाकूनं स्वतः एक भोक उकरून दाखवलं, आणि म्हणाले, "आता जरा मागं सरक, आणि वर बघ."

आणि त्यांनी चेंडू मारला.

मी लहानपणापासून गोफण फिरवलेली आहे. ज्वारीवरची पाखरं उठवली आहेत, दगड कुठपर्यंत जातो ते मला कळतं. पण तो चेंडू गेला तसा दगड जात नाही. दगड जातो आणि पडतो. हा गेला, वर चढला, आणि वरच राहिला. गिरणेच्या बाजूला आभाळात एक पांढरा ठिपका, खाली येतो का नाही याचा जणू विचार करतोय. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. आवाज काही नाही. मग लांब कुठंतरी टप् झालं. मी नानांना म्हटलं, "परत एकदा." ते म्हणाले, "पैलवान, मी सत्तरीला आलोय, दम घेऊ दे." पण मारला. त्या दिवसापासून मी त्या माळाचा झालो. पगारासाठी झालो असं मी सांगायचो, पण खरं कारण तो ठिपका.

वीस-बावीस वर्षं गेली. कालव्याचं काम संपलं, साहेब लोक बदलून गेले, क्वार्टरांना कुलपं लागली. खेळायला उरले नाना एकटे. आणि मी पाणी मारायला. कारण भोकाभोवतीचं गवत, त्याला ग्रीन म्हणतात, ते लहान लेकरासारखं असतं. एक दिवस पाणी चुकलं की रुसतं, दोन दिवस चुकलं की मरतं. आमच्या काळ्या मातीत, आमच्या उन्हात ते जगवणं म्हणजे भट्टीत लोणी ठेवणं. उन्हाळ्यात मी सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभा. फार मोठा माणूस असल्यासारखा उभा राहायचो मी. हातात पाणी असलं की आमच्याकडे माणूस मोठाच दिसतो.

आता लाज वाटते ते सांगतो. कॉलनीच्या कुंपणाला लागून आमची वस्ती. तिथं उन्हाळ्यात टँकर येतो, चार दिवसांनी, कधी सहा. एका दुपारी मी सातव्या ग्रीनवर पाइप धरून उभा होतो आणि तारेच्या पलीकडं बायका टँकरच्या रांगेत. त्यात आमची घरवाली. डोक्यावर पदर, हातात हंडा. मी गमतीनं पाइपाची धार तिच्याकडं उडवल्यासारखी केली. बायका हसल्या. ती हसली नाही. तारेजवळ आली आणि हळूच म्हणाली, कोणाला ऐकू जाणार नाही असं,

"तुम्ही गवतले पानी पाजतस, आनि मी अठे हंडा लिसन उभी शे. ते गवत तुमले भाकर करी देस का?"

मी पाइप खाली टाकला. मग परत उचलला, कारण पाणी वाया चाललं होतं. एवढंच मला सुचलं.

ह्या साली होळीच्या आधी मॅडम आल्या. कॉलनीचा कारभार यांच्याकडं. रोज धुळ्याहून, देवपुरातून, जीपनं येतात. कडक, पण माणूस चांगला. मला मामा म्हणतात. हातात कागद होता.

"मामा, वरून पत्र आलंय. मैदान बंद करायचं चाललंय. इथं सोलरच्या प्लेटा लावायच्या."

"बठ्ठ्या मैदानावर?"

"सगळ्या. लोकांना प्यायला पाणी नाही आणि सरकारी पाणी गवताला, हे आता चालणार नाही. मलाही पटत नाही ते. पाइप आजपासून बंद. दीड महिन्यात मोठे साहेब बघायला येणार आहेत. मी त्यांना एवढंच सांगितलंय की एकदा बघा, मग ठरवा. मैदान पाण्याशिवाय जगतंय आणि त्यावर माणसं खेळतायत असं दिसलं, तर काहीतरी बोलता येईल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर तुम्हाला प्लेटा पुसायला घेतील कदाचित. कदाचित म्हटलं."

मी नानांकडं बघितलं. ते ऐकत होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. नव्वदी जवळ आलेल्या माणसाला दुसरं मैदान कुठं मिळणार? जवळचं म्हणजे नाशिक. आणि मला तरी दुसरं काय येतं? दुसऱ्याच्या भोकांची राखण करणारा माणूस मी. अशा माणसाला कोण कामाला ठेवतं?

दहा दिवसांत ग्रीन पिवळे पडले, पंधरा दिवसांत पायाखाली कुरकुरायला लागले. नाना म्हणाले, राजस्थानकडं गवत नसतं तिथं भोकाभोवती वाळू टाकतात, वाळूत जुनं ऑईल मिसळतात, म्हणजे वारा उडवत नाही. त्याला ब्राऊन म्हणतात. मी लगेच भडगावला जाऊन गॅरेजवाल्याकडून एक डबा काळं ऑईल आणलं. किती मिसळायचं हे मी विचारलं नाही. सगळा डबा ओतला. तिथं काय झालं ते एवढंच सांगतो की दोन कुत्री चार दिवस काळी होती, नानांचा पाय घसरला तो मी धरला म्हणून बरं, आणि घरवालीनं मला ओट्यावरच जेवायला वाढलं.

वाढताना ती म्हणाली, "चेंडू नुसता गडगडाले पाहिजे ना?"

"हो."

"भुई सपाट पाहिजे, घट्ट पाहिजे, आनि पानी नको."

"हो ना."

"मंग खळं करा."

माझा घास हातात राहिला. खळं. आमच्या बापजाद्यांनी दर साली केलेलं. धान्य मळायची गोल जागा, धुमसून घट्ट केलेली, शेणानं सारवलेली. मळणी मशीन आल्यापासून कोणी करत नाही. वीस वर्षं मी ज्या गवतामागं धावलो, त्याच्या जागी खळं चाललं असतं, हे एका घासाच्या अंतरावर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

अर्थात मी तिला म्हटलं, "हेच माझ्या डोक्यात होतं."

तिनं आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी नदीकडच्या भोकापाशी खळं केलं. शेजारच्याच वावरातली काळी माती, दोन दिवस धुमस, म्हणजे भुई ठोकायचा लाकडी ठोकळा, घेऊन कुटली, हाताला फोड आले, वर शेणकाला. असं दिसत होतं की मीच त्यावर बसून राहावं. चौथ्या दिवशी त्याला भेगा पडल्या. पहिल्यांदा केसाएवढ्या, मग बोटाएवढ्या, मग चेंडू जाईल एवढ्या. नानांनी चेंडू सोडला तो भोकाकडं निघाला आणि वाटेतच भेगेत उतरला. नाना म्हणाले, "वा. आता एका ग्रीनला चाळीस भोकं झाली. खेळ सोपा झाला."

घरवाली बघायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं एकदा गोल चक्कर मारली.

"काळी मातीनं खळं कोनी करस का? उन्ह लागनं का ती फाटस. माले इचाराले काय व्हयनं व्हतं?"

तिचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. धाब्याची घरं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. धाब्यावर दर साली जी पांढरी माती टाकतात, जुन्या गावठाणातली, ती ऊन खाते पण फाटत नाही, पाऊस आला तर गळू देत नाही. आता सगळीकडं स्लॅब झाले, ती माती कोणी आणत नाही. आमच्याही गावठाणाच्या टेकाडावर नुसती पडून आहे. हिला हे माहीत होतं. मला काय माहीत होतं? मला नऊ निशाणं माहीत होती.

मग तिनं काम हातात घेतलं. तिच्या बचत गटाच्या पाचसहा बाया आल्या. पांढरी माती आणली, चाळणीनं चाळली, त्यात गव्हाचा बारीक भुसा घातला, टँकरच्या दिवशी धुण्याचं राखलेलं पाणी शिंपडलं. धुमस चालली तेव्हा बाया एका तालात मारत होत्या, मध्ये उंच आणि कडेला उतार, म्हणजे थेंब पडला तरी थांबणार नाही. मी टोपल्या वाहिल्या. एकदा मी म्हशीचं शेण आणलं तर एक बाई म्हणाली, "भाऊजी, यानं सारवन खरबडं व्हस. गायीनं शेन आना." मी ते उचलून परत नेलं. शेवटचा हात घरवालीनं एकटीनं सारवला, मागं मागं सरकत, अर्धगोल अर्धगोल, शेवटी कडेवर उभी राहिली. मी कितीतरी वेळा तिला घर सारवताना पाहिलं असेल. कधी थांबून बघितलं नव्हतं. इतकी मोठी जागा, आणि बोटांच्या एकसारख्या कमानी, एकही कमी-जास्त नाही. जसं पाण्यात खडा टाकला आणि पाणी तसंच थांबून राहिलं.

दोन दिवस वाळू दिलं. तिसऱ्या सकाळी नानांनी बूट काढले, कोणी सांगितलं नव्हतं, आणि कडेवरून काठीनं चेंडू हळूच लोटला.

तो चेंडू कसा गेला ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत आणि असते तरी मी त्यांची नासाडीच केली असती. गवतावर चेंडू जातो तो डुलत जातो, इकडं तिकडं करतो. हा गेला जसं ताटात पारा. आवाज नाही, उडी नाही. उतारावर थोडा झुकला, जणू खळ्याला नमस्कार केला, आणि भोकात. आत डबा बसवलेला होता, तो वाजला. नानांनी वाकून चेंडू काढला. मग त्यांनी घरवालीकडं बघून हात जोडले. तिनं तोंडावर पदर घेतला आणि दुसरीकडं बघायला लागली. मी मध्येच म्हटलं, "ती कल्पना माझी होती." कोणी ऐकलं नाही.

मग जे झालं ते आम्ही ठरवलं नव्हतं. खळं झालंय ही बातमी गावात पसरली. गोल्पची नाही, खळ्याची. दहा-पंधरा म्हातारी माणसं काठ्या टेकत आली. त्यातले एक आबा, आमच्याच भावकीतले, खळ्याच्या कडेला बसले आणि तळवा फिरवत राहिले.

"इतलं चांगलं खळं," आबा म्हणाले, "आनि धान्य कोठे शे?"

नाना म्हणाले, "आबा, धान्य हेच," आणि त्यांच्या हातात चेंडू दिला.

आबांनी चेंडू कानाशी नेऊन हलवला, नारळ बघतात तसा. मग काठी घेतली. पहिला मारला तो तारेपलीकडं वस्तीत गेला, एका घरातून शिवी ऐकू आली. दुसरा भोकाच्या हातभर अलीकडं थांबला. आबा वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "थांबना कसा हो तठे? माले वाटनं जाई." त्यानंतर ते रोज यायला लागले. संध्याकाळी खळ्याभोवती माणसं, सगळी अनवाणी, सगळी एकमेकांना हसतायत, "तुन्हा हात वाकडा शे, बैल हाकलाले बरा." भडगावच्या दोन मास्तरीणबाई स्कूटीवर आल्या. मी बावीस वर्षं त्या माळावर एकटेपणा राखला होता, मला कळेना ही माणसं आधी कुठं होती. ती तारेपलीकडंच होती. पण तार आपली नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

मोठे साहेब आले त्या दिवशी मी नवीन शर्ट घातला आणि बटण एक खाली लावलं. मॅडमनी नजरेनं सांगितलं, मला कळलं नाही. तोवर गटानं नदीकडची चार खळी तयार केली होती. म्हातारी माणसं कडेनं बसलेली, बाया लिंबाच्या झाडाखाली. साहेब स्वतः खेळणारे निघाले. गाडीतून काठ्या काढल्या, खिळ्यांचे बूट घातले. लांबून एक चेंडू मारला, चांगला मारला, आणि चालत चालत पहिल्या खळ्यापाशी आले. पाय उचलला.

आता बघा, खळ्यावर चप्पल घालून कोणी जात नाही. आमच्याकडं लहान पोरालाही सांगावं लागत नाही. खळं म्हणजे अन्नाची जागा. साहेबांचा खिळ्याचा बूट वर गेला आणि कडेची सगळी म्हातारी माणसं एकदम उभी राहिली. आणि माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, जोडे बाहेर."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या तसं माझ्याकडं कोणीच कधी बघितलेलं नाही. मला वाटलं, गेलं. बावीस वर्षं आणि नानांचं मैदान मी तीन शब्दांत घालवलं. मग मला ते सावरायला पाहिजे होतं, तर मी म्हटलं, "म्हणजे चालेल साहेब, घालून जा," आणि मागून आबांचा आवाज आला, "नही चालाव."

साहेब पाय तसाच वर धरून होते. खाली बघितलं त्यांनी. त्या बोटांच्या कमानी बघितल्या. मग मागं सरकले, खाली बसले, नाड्या सोडल्या, मोजे पण काढले, आणि अनवाणी खळ्यावर आले. पहिलं पाऊल टेकलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. सकाळचं सारवण गार असतं. ते तिथं उभेच राहिले थोडा वेळ, खेळायचं विसरून. मग चेंडू सोडला. चुकला. परत मागितला. तो गेला.

"कोणी केलं हे?" साहेब म्हणाले.

"मी," मी म्हणालो. लगेच. विचार करायच्या आत.

"भेगा कशा पडल्या नाहीत?"

"त्याचं असं आहे साहेब," मी म्हणालो, आणि पुढं काही आलं नाही.

"आणि पावसाळ्यात?"

"टिकतं साहेब. लोखंड आहे."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मी शर्टाची बटणं चाचपली. लिंबाखालून आवाज आला. आमचीच.

"टिकत नही." ती पुढं आली नाही, झाडाखालूनच बोलली, पण बोलली. "पाऊस उना का खळं मोडस. चार महिना काही खेळ नही. तवय अठे गवत व्हऊ द्या, मेंढरं चरतीन, त्यास्नं लेंडीखत पडी. दिवाळी व्हयनी का फिरीसन करूत. दर साल करनं पडस. आनि भेगा नही पडस कारन ती काळी माती नही शे, धाबावरनी पांढरी शे."

सगळं सांगून झालं. माझं खोटं एवढ्याशा वेळात उताणं पडलं. मला वाटलं, हिनं खरं बोलून मैदान घालवलं. चार महिने बंद राहणारं मैदान कोण ठेवतं?

साहेबांनी मॅडमना विचारलं, "या बाईंचं नाव लिहून घेतलंय का?"

"घेते," मॅडम म्हणाल्या.

"आणि तुम्ही?" मला विचारलं.

"मी टोपल्या वाहिल्या साहेब," मी म्हणालो.

नाना पुढं झाले आणि म्हणाले, "चांगल्या वाहिल्या." तेवढी एक साक्ष माझ्या बाजूनं पडली.

निकाल यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे नाना रोज नऊही भोकं चालायचे, जिथं खळं नव्हतं तिथंही, करपलेल्या गवतावर उभे राहून नुसतं नदीकडं बघायचे. मी मागून पिशवी घेऊन. आम्ही बोलायचो नाही. मी बोललो नाही असे माझ्या आयुष्यात फार दिवस नाहीत.

मॅडमनी कागद वाचून दाखवला. रस्त्याकडची पाच भोकं प्लेटांना. नदीकडची चार राहणार. पाण्याचा पाइप कायमचा काढायचा आणि त्याचं पाणी वस्तीच्या टाकीला. मैदान दिवाळी ते पाऊस, सगळ्यांना उघडं, कॉलनीचा असो नसो. खळ्यांचं काम बचत गटाकडं.

"आणि मी?" मी विचारलं.

मॅडमनी कागद उलटून बघितला. "माळी पूर्वीप्रमाणे, गटाच्या देखरेखीखाली."

"म्हणजे कोणाच्या?"

"मामींच्या."

नानांना इतकं हसू आलं की त्यांना खाली बसवावं लागलं. पाच भोकं गेल्याचं दुःख त्यांनी त्या हसण्यातच काढून टाकलं असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. प्लेटांचे खांब आले त्याच्या आदल्या सकाळी त्यांनी एकट्यानं ती पाच भोकं खेळली, प्रत्येक ठिकाणी चेंडू काढून घेतल्यावर माझ्याकडं माती मागितली आणि भोक स्वतः बुजवलं. मी हात लावला नाही. प्लेटा उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना शिव्या घालणार होतो. पण सकाळी त्या सगळ्या एकदम उगवत्याकडं तोंड करून चमकल्या, जशी पुराच्या दिवसातली गिरणा, आणि मी बघतच राहिलो. शिव्या राहून गेल्या.

दिवाळी झाली. पाडव्यानंतर गटानं चारही खळी नव्यानं केली. गायीचं शेण मी तीन वेळा वास घेऊन आणलं. वस्तीच्या टाकीला नळ बसलाय, घरवाली आता हंडा घेऊन रांगेत नसते. खळ्यावर असते. पहिल्या दिवशी माणसं आली, आबा, मास्तरीणबाई, भडगावहून आणखी काही लोक, प्रत्येकानं कडेला चपला काढलेल्या. नाना म्हणाले, ह्या साली पहिला चेंडू मामी मारणार.

ती नको नको म्हणाली. मग तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदर कमरेला खोचला, काठी घेतली. केरसुणी धरावी तशी धरली. नानांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं चेंडू झाडल्यासारखा पुढं लोटला. तो निघाला, सरळ, शांत, आणि भोकापासून वीतभर अलीकडं डावीकडं वळून थांबला.

सगळे "जाऊ द्या, परत मारा" म्हणाले. ती चेंडूकडं बघत नव्हती. चेंडू वळला त्या जागेकडं बघत होती. गुडघ्यावर बसली, गाल भुईला लावला, एक डोळा मिटला.

"अठे भुई दबेल शे," ती म्हणाली. "धुमस आना."

मी धुमस आणायला पळालो. येईपर्यंत तिनं बोटानं तेवढ्या जागेला गोल आखून ठेवला होता. नाना, आबा, मास्तरीणबाई, सगळे कडेला अनवाणी बसून राहिले. ती जागा परत कुटून, सारवून, वाळेपर्यंत खेळ सुरू होणार नव्हता.